फळ्यावर माउली कितवी?

लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकानं 14 नोव्हेंबर 1952 च्या अंकात ब्रिटनमधली रेकॉर्डच्या खपाची पहिली यादी छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या त्यांच्या माणसानं वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन फिरवले, काय खपतंय ते विचारलं, बेरीज केली, आणि अल मार्टिनो नावाचा गायक पहिला आला. त्याला तीन आठवडेही झाले नव्हते तोच, 3 डिसेंबरला, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात नंबर नव्हते; गाणी वाजायची आणि क्रम श्रोत्यांनी ओळखायचा. पण दोनेक वर्षांत तिथंही पायदानं आली आणि अमीन सायानींनी सगळ्या देशाला बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओपाशी बसवलं.

या मोजणीच्या धंद्यातला मी सगळ्यांत खालचा माणूस. ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडसमोर माझा कॅसेटचा गाळा होता. बाहेर एक काळा फळा टांगलेला असायचा आणि दर शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, मी त्यावर खडूनं 'या आठवड्याच्या दहा' लिहायचो. पद्धत साधी. बिलबुकाच्या पाठच्या पानावर कॅसेटचं नाव आणि पुढं रेघा: चार उभ्या, पाचवी आडवी. आठवडा संपला की जुड्या मोजायच्या. कोण वर चढलं त्याच्यापुढं वर जाणारा बाण, कोण घसरलं त्याच्यापुढं खाली. गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला वाचायला काहीतरी लागतंच. पोरं फळ्याखाली उभी राहून भांडायची. एका कंपनीचा माणूस महिन्याकाठी यायचा, "आमची तीन नंबरला लिहा, दहा कॅसेटी फुकट टाकतो" म्हणायचा. मी त्याला चहा पाजायचो आणि खडू खिशात ठेवायचो.

एका आषाढात, पंढरपूरच्या जादा गाड्या लागल्या होत्या तेव्हा, एक वारकरी म्हातारबाबा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "शेठ, यात माउली कितवी?"

"बाबा, हरिपाठ नंबरात नसतो."

"का? खपत नाही?"

"खपतो की. रोज खपतो."

"या आठवड्यात किती गेल्या?"

मी पान उलटलं. हरिपाठाच्या जुड्या वेगळ्या पानावर होत्या. त्या आठवड्यात पहिल्या नंबरच्या सिनेमापेक्षा त्या जास्त भरल्या. बाबा म्हणाले, "मग पहिली तीच ना?"

मी त्यांना काहीतरी धंद्याचं उत्तर दिलं: देवाचं वेगळं, सिनेमाचं वेगळं. ते खोटं नव्हतं. गाळ्यात कप्पेही वेगळेच होते आणि भक्तिगीतांच्या कप्प्यावर मी उदबत्ती लावायचो. पण प्रश्न धंद्याचा नव्हताच. हरिपाठ फळ्यावर लिहिला तर त्याच्यापुढं बाण कुठला काढायचा? वर की खाली? गेल्या आठवड्यात होता तिथंच तो या आठवड्यातही होता आणि पुढच्याही आठवड्यात राहणार होता. फळा टिकायचा तो हालचालीवर. जे हलत नाही त्याला फळ्यावर जागा नाही.

आपल्या मीमांसकांनी कर्माचे भाग पाडलेत: नित्य, नैमित्तिक, काम्य. काही निमित्त घडलं म्हणून करायचं ते नैमित्तिक, काही हवं म्हणून करायचं ते काम्य, आणि रोजची संध्या ते नित्य. नित्यकर्माबद्दलचं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं मला फार आवडतं: ते केल्यानं वेगळं पुण्य पदरात पडत नाही, पण चुकवलं तर दोष लागतो. म्हणजे ते असताना दिसत नाही, नसताना दिसतं. गाण्यांचंही तेच. 1975 च्या गीतमालेच्या वार्षिक यादीत 'रोटी कपडा और मकान' मधलं महागाईचं गाणं पहिलं आलं. त्या वर्षाला ते निमित्तच होतं, माणसं रेशनच्या रांगेत उभी होती. ते गाणं आज कुणी लावलं नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. पण गणपतीत मांडवात प्रल्हाद शिंदे लागले नाहीत, तर सकाळी कुणीतरी कार्यकर्त्याला विचारतंच, अरे, मशीन बिघडलंय का?

शिंद्यांच्या घराचं उदाहरण फार बोलकं आहे. वडील प्रल्हाद शिंदे: विठ्ठलाची गाणी, गणपतीची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या. मुलगा आनंद: पोपटाचं गाणं. पोपटाची कॅसेट आली तेव्हा माझ्या बिलबुकाला पान पुरलं नाही, जोडपान चिकटवावं लागलं. फळ्यावर आनंद शिंदे कित्येक आठवडे बसून होते आणि आत उदबत्तीच्या कप्प्यात त्यांचे वडील एकही बाण न मिळवता रोज दोन-चार, रोज दोन-चार जात होते. प्रल्हाद शिंदे 2004 मध्ये गेले. माझा गाळाही त्यानंतर फार टिकला नाही. आषाढी एकादशीला खोपटच्या कोपऱ्यावर साबुदाणा खिचडीचं वाटप असतं, तिथं अजून त्यांचाच आवाज असतो.

इथं शहाणा वाचक म्हणेल, हा म्हातारा भक्तिगीत चांगलं आणि सिनेमा वाईट, असं म्हणायला निघालाय. तसं म्हणणारा एक मोठा माणूस होऊन गेलाय. बाळकृष्ण केसकर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातले माहिती आणि नभोवाणी मंत्री, आपलाच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणता. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची रुची बिघडते असं त्यांचं ठाम मत आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? अख्ख्या देशानं रेडिओचा काटा फिरवून कोलंबो लावलं. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम सिलोनला जायचा आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत आमच्या घरात यायचा. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. आमच्या वडिलांच्या गळ्यात माळ होती, पण दिवेलागणीचा हरिपाठ आटपला की आठला ते स्वतः उठून मर्फीचा काटा हलवायचे. त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही आणि मलाही वाटत नाही.

केसकरांनी बहुमत मानलं नाही. बहुमत न मानणारा दुसरा माणूस आपल्याकडं देहूचा. तुकोबांनी स्वच्छ सांगून ठेवलंय की खऱ्याखोट्याचा निवाडा करताना त्यांनी आपल्या मनालाच साक्षीला बसवलं, बहुतांचं मत धरलं नाही. दोघांचं वाक्य वरवर एकच, पण फरक मोठा आहे. केसकर दुसऱ्यांच्या कानांचा निवाडा करत होते, तुकोबा स्वतःच्या मनाचा. आणि आपल्या न्यायशास्त्रानंही प्रमाणं मोजली तेव्हा प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार सांगितली. इतरांनी आणखी दोन-चारांची भर घातली. अगदी 'या वडावर यक्ष राहतो असं म्हणतात' यालासुद्धा ऐतिह्य म्हणून कुणी कुणी जागा दिली. पण 'पुष्कळांना वाटतं म्हणून खरं' असं प्रमाण कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. हजार माणसांना रस्सीत साप दिसला तरी ती रस्सीच.

मग माझा फळा म्हणजे निव्वळ भ्रम होता का? तसं म्हणावं, तर तुकोबांचीच गोष्ट आडवी येते. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून गाथा इंद्रायणीत गेली, तुकोबा तेरा दिवस शिळेवर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. श्रद्धा बाजूला ठेवणारेही एक गोष्ट मानतात: वह्या बुडाल्या तरी अभंग बुडाले नाहीत, कारण ते लोकांच्या तोंडी होते. पुढं शंकर पांडुरंग पंडितांनी सरकारी मदतीनं गाथा छापली ती 1869 ते 1873 च्या सुमारास, म्हणजे तुकोबांनंतर सव्वादोनशे वर्षांनी. मधली सगळी वर्षं ते साडेचार हजार अभंग काही हस्तलिखितांनी आणि बाकी गळ्यांनी सांभाळले. ज्यानं बहुमताला नकार दिला त्याला बहुतांनीच तारलं. हे कोडं मी बरीच वर्षं उरी बाळगून आहे.

माझ्यापुरतं मी ते असं सोडवतो. बहुत दोन प्रकारचे. एक, ज्यांना आपण विचारतो: या आठवड्यात काय आवडलं? ते उत्तर देतात, आणि ते खरंच असतं, त्या आठवड्यापुरतं. दुसरे, ज्यांना कुणी विचारत नाही. ते नुसतं धरून ठेवतात. आईनं दळताना म्हटलं, मुलीनं ऐकलं, यादीत नाव नाही, बिलबुकात रेघ नाही. तुकोबांनी झिडकारलं ते पहिलं बहुमत. त्यांना वाचवलं ते दुसऱ्यानं. पहिल्याला विकत घेता येतं; गीतमालेलासुद्धा पत्रांवरून दुकानांच्या खपाकडं आणि दुकानांवरून श्रोत्यांच्या क्लबांकडं जावं लागलं, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हात मारायचंच. दुसऱ्याला विकत कसं घेणार? तिथं कंपनीचा माणूस दहा कॅसेटी कुणाला देणार?

देवांची गत वेगळी नाही. ऋग्वेदाच्या 1028 सूक्तांपैकी अडीचशेच्या आसपास इंद्राची. विष्णूची स्वतंत्र सूक्तं बोटांवर मोजावीत इतकी. तेव्हा फळा असता तर इंद्र सलग काही शतकं पहिला. आज ठाण्यात कौपिनेश्वर आहे, घंटाळी देवी आहे, गल्लोगल्ली साईबाबा आहेत. इंद्राचं देऊळ दाखवा. उलट 1975 मध्ये 'जय संतोषी माँ' आला आणि जिचं नाव आमच्या आळीत फारसं कुणी घेत नव्हतं त्या देवीचे शुक्रवार घरोघरी सुरू झाले. थिएटरात बायका चपला बाहेर काढून बसायच्या. आमच्या शेजारच्या काकूंनी आंबट सोडलं ते कायमचंच. आता तो शुक्रवार बराच ओसरलाय, पण काकूंच्या कढीत ताक नाही ते नाहीच. देव चढतात, उतरतात. यावरून नास्तिक म्हणतो, पाहा, सगळा बाजार. मला उलट वाटतं: चढतं-उतरतं ते आपलं लक्ष. इंद्राला देऊळ उरलं नाही म्हणून कोकणात पाऊस कमी झालेला नाही. आणि पंढरीच्या त्या देवाला तर पुंडलिकानं एकच पायरी दिली, वीट. तिच्यावरून तो ना वर गेला ना खाली आला. सगळ्या आठवड्यांना एकच पायदान.

गीतमालेला हे कुठंतरी कळलं होतं असं मला राहून राहून वाटतं. गाण्यानं ठरावीक आठवडे पूर्ण केले की सायानी बिगुल वाजवून त्याला 'सरताज' म्हणायचे आणि स्पर्धेतून बाहेर काढायचे. कितीही मतं पडोत, आता तू नंबरात नाहीस. हरलास म्हणून नव्हे, पुरे झालं म्हणून. आजच्या याद्यांमध्ये तो वानप्रस्थ नाही. 'बिलबोर्ड'नं 2022 मध्ये भारताची वेगळी यादी काढली, दर आठवड्याला पंचवीस गाणी, सगळं आपोआप मोजलेलं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक मोजतात. पूर्वी मत द्यायचं तर माणूस पोस्टात जाऊन कार्ड आणायचा, शाई लावायचा, पत्ता लिहायचा. त्या कार्डात काही पैसे आणि अर्धा तास गेलेला असायचा. तीस सेकंदांत काय जातं? कधी कधी गाणं बंद करायलाच तेवढा वेळ लागतो.

आणि तरीही नित्याचा विजय मला या नव्या मोजणीतच दिसला, ही गंमत. यूट्यूबवर सगळ्यांत जास्त पाहिल्या गेलेल्या भारतीय व्हिडिओंपैकी एक कुठल्या नटाचा नाही, टी-सीरिजच्या हनुमान चालिसेचा आहे. हरिहरनांचा आवाज, गुलशनकुमार पडद्यावर. 2011 मध्ये चढवलेला, आता 300 कोटींच्या कधीच पुढं गेलेला. रोज थोडं, रोज थोडं. म्हातारबाबांचा हिशेब बरोबर होता. माझ्या फळ्याची मुदत आठवड्याची होती म्हणून मला तो मांडता येत नव्हता. पण आकडा बघून मला झाला त्यापेक्षा त्यांना आनंद कमी झाला असता. "मोजताय कशाला?" म्हणाले असते. त्यांच्या हातात माळ होती हे खरं, पण ती कोण कितवा हे सांगायला नव्हती.

माझी पुतणी गाण्यांच्या याद्या बनवायचंच काम करते, ऐरोलीच्या एका ऑफिसात. मागच्या रविवारी आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरत होतो. मी तिला म्हटलं, समज, जगातले सगळे फोन, सगळे सर्व्हर या तळ्यात बुडाले. तेराव्या दिवशी कुठली गाणी वर येतील?

"झिंगाट," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

"सैराट 2016 चा. दहाएक वर्षं म्हणजे काहीच नाही."

"काका, आजही वरातीत ते लागलं नाही तर नवरा घोड्यावरून उतरून विचारतो. तुमच्याच भाषेत सांगायचं तर नित्य."

मी म्हटलं, त्याला तुकोबांसारखी तीनशे-चारशे वर्षं जाऊ देत, मग बघू. ती म्हणाली, तुकोबांनाही पहिली दहा वर्षं कधीतरी होतीच की. मी हरिपाठ पुस्तकाशिवाय म्हणतो ही माझी ऐट, ती तिला ठाऊक आहे. तिनं तिथंच, भेळवाल्याशेजारी, झिंगाट पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. भेळवालाही म्हणत होता.