अनुमानाची उपाधी

सिंधुदुर्गात जांभ्या चिऱ्यांच्या गडग्यांतून आणि पेंढ्याच्या उडव्यांतून वावरणारा तांबडा विंचू ज्याला डसतो, त्याच्या उशाशी बसलेल्यांना ‘कोणते औषध अधिक गुणकारी?’ हा प्रश्न केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु ज्या दोन औषधांची समोरासमोर कसोटीच झाली नाही, त्यांचा श्रेष्ठकनिष्ठभाव तिसऱ्याच्या मध्यस्थीने ठरविता येईल काय, असे विचारताच तो प्रमाणशास्त्राचा प्रश्न होतो.

विंचवाच्या प्रतिविषाचीच कैफियत पाहा. ट्युनिशियात 1999 साली प्रसिद्ध झालेल्या, 825 रुग्णांवरील चाचणीत ते प्लासिबोहून सरस ठरले नाही. ॲरिझोनातील 15 मुलांवरील, 2009 सालच्या चाचणीत मात्र त्याचा गुण निःसंशय दिसला. दोहींकडे तुलना प्लासिबोशीच असल्याने ॲरिझोनाचे प्रतिविष ट्युनिशियाच्या प्रतिविषाहून श्रेष्ठ, असा फैसला देण्याचा मोह होतो. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, हे अनुमान ओल्या सरपणाच्या उपाधीमुळे, म्हणजे न सांगितलेल्या अटीमुळे, दूषित होते, असे नैयायिकांनी बजावले आहे. आणि येथे तर विंचवाची जात निराळी, रुग्णांचे वय निराळे, दंशाची तीव्रताही निराळी. हाइनर ब्यूखर प्रभृतींनी 1997 साली मांडलेल्या रीतीने प्रत्येक चाचणीतील अंतर्गत फरक तेवढाच घेऊन त्या फरकांची तुलना केली, तरी दोन्ही चाचण्यांची अनिश्चितता एकत्र येऊन निष्कर्षाच्या माथी बसते, आणि उपाधी तर जागची हलतही नाही.

कोकणच्या विंचवाचे विष हृदयावर व फुप्फुसांवर घाला घालते. त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 70 रुग्णांचे दोन समान गट केले. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्यांपैकी 32, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी 8 रुग्ण दहा तासांच्या आत बरे झाले. ट्युनिशियाच्या साक्षीवर विसंबून प्रतिविष निरुपयोगी ठरविले असते, तर हा लाभ कोकणच्या पदरी पडलाच नसता.

तथापि यावरून प्रत्यक्ष तेवढे ग्राह्य आणि अनुमान सर्वथा त्याज्य, असे म्हणणेही उतावीळपणाचे होईल. कारण महाडच्या रुग्णांवर सिद्ध झालेली गोष्ट मालवणच्या रुग्णाला लागू करताना वैद्य अनुमानच करीत असतो. ते अधिक विश्वसनीय ठरते ते तुलना समोरासमोरची होती एवढ्याचमुळे नव्हे, तर विंचू तोच, मुलूख तोच, आणि म्हणून उपाधीला वाव अल्प, यामुळे. तेव्हा अप्रत्यक्ष तुलनेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हुसकावून लावू नये. तिची उलटतपासणी मात्र अधिक कसून व्हावी.