पुण्य नव्हे, संसार

मूल दत्तक घेतलं की लोक म्हणतात, ‘केवढं पुण्याचं काम केलंत!’ लालबागच्या आमच्या चाळीत हे प्रेमानंच बोललं गेलं, तरी मला ते आजही टोचतं, कारण ते लेकीच्या कानावर पडतं. आईबापांनी उपकार केले म्हणून आपण या घरात आहोत, असं वाटणाऱ्या पोरीने रुसायचं कसं, हट्ट करायचा कसा? आम्हाला मूल हवं होतं, तिला घर हवं होतं. इतकीच गोष्ट आहे.

आपल्याकडे दत्तकाची जुनी रीत वंशासाठी, म्हणून मुलगाच घ्यायचा. १९५६च्या कायद्याने मुलगी दत्तक घ्यायला वाट मोकळी केली. जोतीराव-सावित्रीबाईंनी मात्र १८७४मध्येच काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत आपला मानला, तो वंशाचा हिशेब करून नव्हे. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगमध्ये आईसोबत रुग्णांसाठी उभा राहिला. आज देशात दत्तक जाणाऱ्या मुलांत मुली जास्त आहेत, याचा मला फार आनंद आहे.

दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की लहान बाळासाठी आता तीन वर्षांहून अधिक थांबावं लागतं. हा काळ माणसाला पोखरतो. गृहभेटीला समाजसेविका येणार म्हटल्यावर आमची एकच खोली आणि गॅलरीच्या टोकाचा संडास आठवून माझा धीर सुटला होता. तिने विचारलं ते वेगळंच: दुपारी बाळाजवळ कोण असेल? त्याचं उत्तर शेजारच्या काकूंनी दारातूनच दिलं. पुढे पाळण्यात मावेना एवढ्या झालेल्या लेकीचं बारसंही गॅलरीतल्या बायकांनीच केलं.

अवघड प्रसंग येतात ते भलत्याच ठिकाणी. परळला दवाखान्यात डॉक्टर केसपेपरवर लिहिता लिहिता विचारतात, ‘घरात कुणाला दमा?’ आणि माझ्याकडे उत्तर नसतं. शाळेत जन्माच्या वेळचा फोटो मागतात. आमच्याकडचा पहिला फोटो ती बसायला लागल्यानंतरचा.

सगळ्यांत मोठी कसोटी मात्र खरं सांगण्याची. काही घरांत ते लग्नापर्यंत लपवतात. मला तो अन्याय वाटतो. चाळीत तर काही लपतच नाही आणि त्याचं मला बरंच वाटलं. कळायला लागायच्या आधीपासून आम्ही तिला तिची गोष्ट सांगत आलो. तरी एक दिवस तिने विचारलंच, ‘तिने मला का दिलं?’ माहीत नाही, एवढंच खरं उत्तर होतं. ती रडली, मी जवळ घेऊन बसले. मूल सोपवणाऱ्या आईला कायदा फेरविचारासाठी साठ दिवस देतो. त्या बाईने ते दिवस कसे काढले असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही. लेकीच्या मनात तिची जागा राहणार, आणि ती राहू देणं हे माझ्या आईपणाचंच काम आहे.

एकाकीपणावर उपाय म्हणून किंवा मोडत चाललेला संसार सावरायला कुणी मूल आणू नये. मूल हवं असेल तर जरूर आणा. ते आजारपण, अभ्यास, भांडणं यांसकट कुठल्याही मुलासारखंच वाढतं. आणि शेजाऱ्यांना विनंती, बारशाला या, पण पुण्याचं बोलू नका.