एक बरोबर, दोन बरोबर

मराठी माणूस ‘बरोबर’ या शब्दाला फार राबवून घेतो. ‘पाच अधिक तीन बरोबर आठ’ इथे तो हिशेबाला येतो, ‘तुमचंच बरोबर आहे’ इथे तो भांडण मिटवायला येतो, आणि ‘चला, मी येतो तुमच्याबरोबर’ इथे तो पिशवी घेऊन मंडईपर्यंत येतो. गणित, न्याय आणि सोबत अशी तीन खाती एकाच शब्दाकडे दिली म्हणून कुणाची गैरसोय झाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. ती आमच्या पुतण्यानं करून दाखवली.

आमचा पुतण्या संगणकाचे प्रोग्राम लिहितो. पुण्यात आता हे सांगण्यासारखं राहिलेलं नाही. ‘आमचा पुतण्या रोज आंघोळ करतो’ यापेक्षा त्यात अधिक काही कळत नाही. रविवारी त्याचे तीनचार मित्र जमतात. आमच्या तरुणपणी चार मुलं जमली की क्रिकेट, सिनेमा आणि शेजारच्या वाड्यातल्या बातम्या असे सात्त्विक विषय निघत. ही मुलं विरामचिन्हांवरून भांडतात. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा की नाही, समास सोडताना एकदा टॅब मारावा की चार वेळा मोकळी जागा, यावर दोन सुशिक्षित माणसं दीड तास आवाज चढवून बोलू शकतात हे मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोह्यांच्या खर्चानं पाहिलं आहे.

असाच एकदा आवाज आला, “अरे, त्यानं एकच टाकलं होतं! दोन हवे होते!” दुसरा म्हणाला, “मी तर नेहमी तीनच टाकतो.” मला वाटलं साखरेचं चाललंय. पण ते बरोबरच्या चिन्हाबद्दल बोलत होते.

“काका, सोपं आहे,” असं म्हणून पुतण्यानं मला जे सांगितलं ते खरोखरच सोपं निघालं. १९७२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ‘सी’ नावाची भाषा तयार केली. तिच्यात बरोबरचं एक चिन्ह टाकलं तर तो हुकूम असतो. ‘क बरोबर पाच’ म्हणजे क नावाच्या डब्यात पाच टाक, आधी काय होतं त्याची चौकशी करू नकोस. दोन चिन्हं लागोपाठ टाकली तर तो प्रश्न असतो, क मध्ये पाच आहेत का? दोघांत फरक एका काडीजोडीचा. पण एक विचारतो आणि दुसरा करून मोकळा होतो.

“आणि तीन?”

तीन चिन्हं जावास्क्रिप्ट नावाच्या दुसऱ्या भाषेत लागतात. ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. (दहा दिवसांत आमच्याकडे गणपतीची आरास होते.) या भाषेतलं दोन-बरोबर फार मायाळू आहे. लग्नं जमवणारी मावशी असते ना, तसं. “मुलगा इंजिनिअर आहे का?” “इंजिनिअरच म्हणायचा, डिप्लोमा आहे.” “उंच आहे का?” “बसलेला असला की कळत नाही हो.” त्याच मायेनं ही भाषा रिकामा मजकूर आणि शून्य हा आकडा बरोबर मानते. शून्य हा आकडा आणि अवतरणचिन्हांत लिहिलेलं शून्य, तेही बरोबर. पण रिकामा मजकूर आणि अवतरणातलं शून्य मात्र बरोबर नाही! म्हणजे गोविंदराव गोपाळरावांचे भाऊ, गोपाळराव माधवरावांचे भाऊ, पण गोविंदराव आणि माधवराव यांची ओळखसुद्धा नाही. म्हणून मग तीन-बरोबर. ते मुलीच्या वडलांसारखं, मूळ प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय हलत नाही. शिवाय या भाषेत ‘अंक नव्हे’ नावाची एक चीज आहे. ती स्वतःशीच बरोबर नसते. तिला विचारलं, तू तूच आहेस का? तर ती ‘नाही’ म्हणते. यावर आपल्याकडे मठ निघाला असता.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली असल्यामुळे त्यापुढची गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता आली नाही. एक दशांश अधिक दोन दशांश किती, असं बहुतेक संगणकी भाषांना विचारलं तर उत्तर तीन दशांश येत नाही. तीनानंतर पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो! एकतृतीयांश दशांशात लिहायला गेलं की आपले तीन संपत नाहीत, तसा यंत्राला आपला एक दशांश दोनाच्या पाढ्यात पुरा लिहिता येत नाही, असं त्याचं कारण. ते पटलं. पैशांचा हिशेब म्हणून पूर्ण पैशांत ठेवतात, हेही पटलं. तरी तो चार माझ्या डोळ्यांपुढून दोन रात्री हलला नाही.

बरोबरचं चिन्ह काढलं ते वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वैद्यानं, १५५७ साली. ‘याच्या बरोबर आहे’ असं दर वेळी लिहायचा त्याला कंटाळा आला. दोन समांतर रेषांइतकं एकसारखं जगात दुसरं काही नाही, म्हणून त्यानं त्या दोन रेषा काढल्या. पुढच्याच वर्षी हा माणूस लंडनच्या तुरुंगात वारला. एका उमरावानं अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि दंडाची रक्कम त्याला भरता आली नाही. जमा आणि खर्च या दोन समांतर रेषा त्याच्याही बाबतीत भेटल्या नाहीत.

इतक्या क्षुल्लक काडीनं काय बिघडतं, असं मला आधी वाटलं होतं. नोव्हेंबर २००३ मध्ये कुणीतरी लिनक्स या जगभर वापरात असलेल्या प्रणालीत गुपचूप दोन ओळी सरकवल्या. वरवर वाचलं तर त्यात एक साधा प्रश्न होता, हा माणूस क्रमांक शून्य आहे का? क्रमांक शून्य म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. पण तिथे दोनाऐवजी एकच चिन्ह होतं. म्हणजे ‘हा मालक आहे का?’ असं विचारल्याचं सोंग करून ‘हा मालक झाला!’ असं ठरवून टाकायचं. मूळ प्रत आणि ही प्रत ताडून पाहताना ते सापडलं, नाहीतर कठीण होतं.

तेव्हापासून मला माणसांच्या बोलण्यातली चिन्हं मोजायची खोड लागली. “जेवून आला असाल ना?” यात एकच आहे. “काच तूच फोडलीस ना?” असं मास्तर छडी हातात घेऊन विचारतात, त्यातही एकच. उत्तर काय येतंय याची मास्तरांना उत्सुकता नसते. डब्यात पाच टाकून झालेले असतात. अशा एक-बरोबरवर किती मुलं जन्मभर ढ राहिली, हे कुठल्याही खातेवहीत नाही.

पण मुलांचं म्हणणं असं की प्रश्न विचारायला ते कधीच मागेपुढे पाहत नाहीत. त्यालाच टेस्टिंग म्हणतात. त्या बिचाऱ्यांचे हाल मी ऐकले आहेत. अडनाव नसलेला माणूस घालून बघायचा, एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला घालून बघायचा, वय उणे चार घालून बघायचं. काही चाचण्या सोमवारी पास होतात आणि मंगळवारी काही न बदलता नापास होतात. (असा एक मुलगा आमच्याही वर्गात होता.) आणि सगळं करून लिहिणारा म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतंय!” मी म्हटलं, “मग एकदाच सगळं तपासून टाका की.” तेव्हा एकानं कागदावर हिशेब मांडला. फक्त दोन संख्यांची बेरीज, प्रत्येक संख्या बत्तीस बिटांची. सगळ्या जोड्या, सेकंदाला शंभर कोटी या वेगानं तपासायच्या, तर सुमारे ५८४ वर्षं लागतात. रेकॉर्डनं चिन्ह काढलं त्या सालापासून दिवसरात्र तपासत बसलं असतं तरी अजून शंभरावर वर्षं उरली असती. एड्सगर डाइकस्ट्रा नावाचे डच पंडित १९७० च्या आसपासच सांगून गेले की चाचणीनं चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही.

हे पंडितांचं वाक्य म्हणून छान आहे. पण ज्याच्या घरावर जप्ती येते त्यानं काय करायचं?

इंग्लंडमध्ये पोस्टाची छोटी केंद्रं किराणा दुकानाच्या कोपऱ्यात चालतात. १९९९ पासून तिथे होरायझन नावाची संगणकप्रणाली आली आणि पडद्यावर तूट दिसू लागली. शंभर पौंड, हजार पौंड, काहींची दहा हजारांवर. करार असा की तूट दुकानदारानं भरायची. त्यांनी भरली, दागिने विकले, घरं गहाण टाकली. भरता आली नाही त्यांच्यावर खटले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसं चोर ठरली. २०१० साली भारतीय वंशाच्या एका बाईंना गरोदरपणी तुरुंगात जावं लागलं. काहींनी जीव दिला. संगणक नीट चालत होता हे फिर्यादीनं आधी दाखवावं, अशी तिथे पूर्वी अट होती. १९९९ च्या एका कायद्यानं ती काढून टाकली. यंत्र बरोबर आहे असं धरून चालायचं आणि ते चुकलं असेल तर आरोपीनं सिद्ध करायचं. ५८४ वर्षांचं काम वाण्याच्या गळ्यात!

पुतण्याचा एक मित्र म्हणाला, “पण काका, यंत्रावर दर वेळी संशय घ्यायचा म्हटलं तर एकही खरा चोर सापडायचा नाही.” खोटं नाही ते. तूट कॅशियरनं भरायची हा नियम आमच्याही बँकेत होता. पण कॅशियरकडे पाहण्याआधी आम्ही वहीकडे पाहत असू. संध्याकाळी बॅलन्स जमला नाही की हेडक्लार्क फरकाला नवानं भागायचे. भाग गेला तर बहुधा कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. १५४० चे १४५० झाले, फरक नव्वद. मग वह्या निघायच्या, एक पुकारायचा आणि दुसरा खूण करायचा. रात्रीचे दहा वाजायचे. त्या वह्या ज्याच्यावर संशय त्यालाही उघडता येत होत्या, माझ्या मते सगळा फरक इथे आहे. इंग्लंडातल्या दुकानदाराला होरायझन उघडता येत नव्हतं. उलट कंपनीच्या माणसांना दुरून त्याचे आकडे बदलता येत होते, आणि ‘तसं होऊच शकत नाही’ असं त्याला सांगण्यात येत होतं. अनेकांना तर असंही सांगितलं गेलं की ही तक्रार देशात फक्त तुमचीच आहे.

हळूहळू या लोकांना एकमेकांचा पत्ता लागला. ५५५ जण बरोबर कोर्टात गेले, तेव्हा कुठे डिसेंबर २०१९ मध्ये ते बरोबर ठरले. प्रणालीत दोष होते, असं न्यायाधीशांनी लिहिलं. २०२४ मध्ये पार्लमेंटनं कायदाच करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या.

मला मात्र या प्रकरणात एक वेगळंच कोडं पडलं आहे. जी तूट नव्हतीच ती इतकी माणसं वर्षानुवर्षं भरत होती. म्हणजे पोस्टाकडे कुठेतरी तेवढी रक्कम जास्त निघायला हवी होती. आमच्या शाखेत पाच रुपये कमी आले तर साहेब नुसते चिडायचे. पाच रुपये जास्त आले की मात्र घाबरायचे, कारण ते कुणाचे तरी आहेत. अशा दिवशी ते स्वतः कोट काढून वह्यांशी बसत आणि शिपायाला सांगत, “सगळ्यांच्या घरी निरोप दे, आज उशीर होईल.”