तुलाच माहीत नाही, तर मला का विचारतेस?

हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या एक मावशी आमच्या मधुमेहाच्या चाचणीसाठी आल्या होत्या. मी पेणची आहे हे कळल्यावर त्यांनी माहितीपत्रक बाजूलाच ठेवलं. "आपल्याकडचीच पोर तू. दे, करते सही."

मी क्लिनिकल रिसर्च नर्स. रक्त घेणं, उरलेल्या गोळ्या मोजणं, तारखांची आठवण करणं, सगळ्याची नोंद ठेवणं हे रोजचं. अवघड असतं ते सहीच्या आधीचं बोलणं. त्या महिन्यात रुग्ण कमी पडत होते. मी म्हणाले, "काळजी करू नका, औषध चांगलंच आहे." सही झाली.

पण औषध चांगलं आहे का, हेच तर तपासायचं होतं! निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. आधीचे उपचार दोघांचेही चालू. कुणाला काय, ते मलाही कळणार नव्हतं.

आपल्याच रायगडात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. 35 जणांना फक्त प्राझोसिन, 35 जणांना सोबत प्रतिविषही. दहा तासांत पहिल्या गटातले 8 जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले 32. 2011 साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. आज वाटतं, प्रतिविष सगळ्यांनाच का नाही दिलं? कारण तेव्हा त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांमध्येच मतभेद होते. आपल्याला आज जे ठाऊक आहे, ते त्या सत्तर जणांमुळे.

गोळ्या सुरू होण्याआधी मी मावशींना परत बोलावलं. म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं. औषध चांगलं आहे की नाही, आम्हाला माहीत नाही."

त्या बघत राहिल्या. "तुलाच माहीत नाही, तर मला का विचारतेस?"

माहीत असतं तर विचारावं लागलंच नसतं, सरळ औषध दिलं असतं. माहीत नाही, आणि धोका तुमच्या शरीराला आहे, म्हणून विचारायचं. माझ्यावरच्या विश्वासानं दिलेला होकार माझाच असतो. 'नाही' म्हणायला जागा ठेवली, तरच तो तुमचा.

मावशी म्हणाल्या, "सीझन संपू दे, मग बघू." कागद माझ्याकडे देऊन गेल्या. त्या परत आल्या नाहीत. त्या महिन्याचा माझा आकडा एकानं कमीच राहिला.