मातीची भिंत आणि काळी बाजू

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेत पाहुणा आला की त्याला आधी सेवाग्रामला न्यायचं, गांधीजींची बापूकुटी दाखवायची, हे ठरलेलंच असतं. माती, बांबू, चटई, बसकं छत. अशा परिसरात वाढलेल्या माणसाच्या मनात एक समीकरण कुणी न शिकवताच मुरतं: साधं ते खरं, नटलेलं ते खोटं. मीही ते बरीच वर्षं बाळगलं. मग एका इंग्रजी अल्बमने मला त्याचा फेरविचार करायला लावला.

अल्बम म्हणजे क्वीन या बँडचा ‘क्वीन टू’, 8 मार्च 1974 रोजी आलेला. तो काळ ग्लॅम रॉकचा होता. गालावर चमकी, पायात उंच टाचा, अंगावर साटीन. मार्क बोलन, डेव्हिड बोवी, रॉक्सी म्युझिक यांनी इंग्लंडच्या तरुण पोरांना नटायला शिकवलं होतं. मराठी माणसाला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. रंगभूमीवर स्त्रीवेशातल्या बालगंधर्वांचा शालू आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळे भरून पाहिला, आणि त्या सोंगातूनच स्वर जास्त खरा लागतो हे त्यांना ठाऊक होतं.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच तो पियानो शिकला आणि 1958 मध्ये चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी बँड उभा केला. एवढं सांगून आपल्याकडचे लेख थांबतात. ‘आपला पोरगा’ म्हटलं की जबाबदारी संपली, असं व्हायला नको. माणूस आपला म्हणायचा तर त्याचं काम ऐकायला हवं.

काम ऐकू. या तबकडीला ‘ए’ आणि ‘बी’ बाजू नाहीत; पांढरी आणि काळी आहे. पांढऱ्या बाजूची पाचपैकी चार गाणी गिटारवादक ब्रायन मे याची, एक ड्रमर रॉजर टेलरचं. ते एक मला अजूनही ओबडधोबड वाटतं, आणि पांढरी बाजू शेवटाकडे थोडी लंगडते. काळी बाजू मात्र पूर्णपणे मर्क्युरीची आहे. पहिल्या गाण्याची सुरुवातच त्याच्या शेवटाची टेप उलटी फिरवून केलेली. पुढचं गाणं एका चित्रावर आहे. रिचर्ड डॅड हा चित्रकार मनोरुग्णालयात बंदिस्त होता. 1855 ते 1864 अशी नऊ वर्षं तो परींच्या दुनियेतल्या एका प्रसंगाच्या चित्रावर काम करत राहिला. चित्र जेमतेम दोन वितींचं, पण गवताच्या पात्यापात्याआड कुणी ना कुणी उभं आहे. लंडनच्या टेट संग्रहालयात मर्क्युरीने ते पाहिलं, सोबत्यांनाही नेऊन दाखवलं, आणि त्यातली ती सगळी गर्दी पावणेतीन मिनिटांच्या गाण्यात बसवली. हार्प्सिकॉर्ड त्याने स्वतः वाजवला. डॅडने जसा सगळा कॅनव्हास भरून काढला, तसाच त्याने सगळा आवाज भरून काढला. कुठे रिकामी जागा म्हणून ठेवली नाही.

हे सगळं कशातून उभं राहिलं? मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघे एकच ओळ पुन्हा पुन्हा गात आणि ते आवाज एकावर एक चढवत. ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर जण गाताहेत. हे सिंथेसायझरचं काम असेल, असं कुणालाही वाटावं. पण आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही, हे त्यांनी तबकडीच्या वेष्टणावर मुद्दाम छापलं. मेची गिटार तर त्याने वडिलांबरोबर 1963 पासून घरीच घडवलेली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आत जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ग्रामोद्योगांसाठी गांधीजींनी 1938 मध्ये वर्ध्यात ज्याचं उद्घाटन केलं, त्या मगन संग्रहालयात ही गिटार ठेवली तर ती परकी वाटणार नाही, असं मी मनापासून म्हणतो.

म्हणजे माझ्या समीकरणात चूक होती ती इथे. विकत आणून वरून चिकटवलेली सजावट आणि हाताने, वेळ देऊन, गरज पडली म्हणून घडवलेली सजावट यांना मी एकाच तागडीत टाकत होतो. पहिलीपासून सावध राहायला सेवाग्रामने शिकवलं, ते आजही पटतं. लग्नाच्या मांडवात लाखो रुपये उधळणारी चमक मला तेव्हाही टोचायची, आताही टोचते. दुसरीच्या बाबतीत मात्र मी अन्याय केला होता.

आणि याची साक्ष बापूकुटीतच होती. तिच्या मातीच्या भिंतीवर झाडं आणि चरखा उठवलेला आहे. ते काम मीराबेनचं. कुटीही आधी तिचीच होती. मीराबेन म्हणजे मॅडेलीन स्लेड, इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी, बेथोव्हेनच्या संगीताने झपाटलेली. त्या संगीतामुळेच ती रोमाँ रोलाँपर्यंत पोहोचली, आणि त्यांच्याकडून तिला गांधींचं नाव कळलं. देशातल्या सर्वांत साध्या घराच्या भिंतीवर तिने नक्षी काढली, आणि गांधीजी त्या भिंतीच्या आत राहिले. मी ती भिंत कितीदा तरी पाहिली होती. तिच्यावरच्या नक्षीपाशी थांबलो मात्र ‘क्वीन टू’ ऐकल्यानंतर.

तुम्हीही हा अल्बम ऐका. पाचगणीचा पोरगा म्हणून कौतुकाने नको, नीट कान देऊन. काळ्या बाजूची सहा गाणी मिळून वीस मिनिटांची आहेत. ती सुटी करू नका. ज्या क्रमाने लावली आहेत त्याच क्रमाने, एका बैठकीत ऐका.