अंतर आणि सबबी

आम्ही नवी मुंबईकर अंतराच्या बाबतीत जरा हळवे असतो. 1970 साली सिडको स्थापन झाली, 1973 साली खाडीवर पूल झाला, 1992 साली वाशीपर्यंत लोकल आली. पण दादरच्या नातेवाइकांच्या लेखी आम्ही परदेशातच! "वाशी? बापरे, एवढ्या लांब कोण येणार?" आता 25 डिसेंबर 2025 पासून इथल्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली, आणि आमच्या सोसायटीच्या बाकावर एकच विषय सुरू झाला : कुठलं शहर किती तासांवर.

मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमान मधे कुठे टेकलं नाही तर पंधरा-सोळा तास. येताना तास-दीड तास कमी, कारण वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणजे घरी परतणाऱ्याला वारासुद्धा मागून ढकलतो. हे बाकावरच्या आजोबांना फार आवडलं. त्यांचा मुलगा न्यूजर्सीला असतो.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला बोटीत बसल्या, त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने! त्या काळी इकडे घरचं माणूस आजारी पडलं, तर तिकडच्याला कोणी विचारत नसे, "का रे आला नाहीस?" पत्र पोचेपर्यंत दुखण्याचा निकाल या बाजूला किंवा त्या बाजूला लागलेला असे. समुद्र सगळ्यांना परस्पर माफी देऊन टाकत असे.

विमानानं ही माफी रद्द केली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर कर्ज तेवढंच राहिलं, मुदत मात्र दोन महिन्यांवरून सोळा तासांवर आली. आता न येणाऱ्याला कारण द्यावं लागतं. रजा नाही, व्हिसाचा घोळ, मुलांच्या परीक्षा. कारणं खरीही असतात हो! पण ती द्यावी लागतात, आणि देताना घसा दाटतो.

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं 1972 साली, पूर्व बंगालच्या निर्वासितांविषयी लिहिताना, एक अवघड मुद्दा मांडला. माणूस दूर आहे एवढ्यानं त्याच्याबद्दलचं आपलं कर्तव्य कमी होत नाही. समोरच्या तळ्यात बुडणारं मूल आणि हजारो मैलांवरचं उपाशी मूल, नीतीच्या खातेवहीत दोघांची नोंद सारखीच. या हिशेबानं अख्खं जगच थकबाकीदार निघेल, पण हिशेबात चूक दाखवणं सोपं नाही.

मला मात्र त्याची उलटी बाजू छळते. लांब असल्यानं कर्तव्य कमी होत नसेल, तर जवळ असल्यानं ते आपोआप पुरं होतं का? आजोबांच्या जिन्यात सोळा बिऱ्हाडं आहेत. पण त्यांना ताप आल्याचं खालच्या मजल्यावर कळतं ते न्यूजर्सीहून फोन आला म्हणजे : "काका, जरा वर जाऊन बाबांना बघता का?" साडेबारा हजार किलोमीटरवरून बातमी आली, वरच्या मजल्यावरून आली नाही. आता सांगा, लांब कोण राहतं?

मुलानं यावंच, वाऱ्याचाही पाठिंबा आहे. पण तो येईपर्यंत जिना मोकळा आहे. त्याला तिकीट नाही, व्हिसा नाही, आणि सबबही फारशी टिकत नाही.