पानाकडं बघ

घोटीजवळच्या एका खेड्यात एक घर होतं. खाली खाचरात भात, वर माळावर थोडी नागली, थोडी खुरासणी. आषाढात पाऊस असा कोसळायचा की कळसूबाईची रांग दिवसचे दिवस ढगात असायची. त्याच पावसात भाताची आवणी चालायची.

आवणीला माणसं यायची ती त्र्यंबक-पेठच्या बाजूची. डोक्यावर इरलं घेऊन, दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची. मजुरीबरोबर दुपारचं जेवण असायचं. जाड्या तांदळाचा भात, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. घराची रीत अशी, की मजुरांची पंगत आधी बसायची आणि घरची माणसं मागून. टोप एकच. वाढायचं काम पोरांचं.

घरातला नातू आठेक वर्षांचा असताना पहिल्यांदा ओगराळं घेऊन पंगतीत फिरला. एका बाईला त्यानं विचारलं, "भात पाहिजे का?" ती मान खाली घालून म्हणाली, "नको." तो पुढं गेला.

चुलीपाशी बसलेल्या आजीनं त्याला हाक मारली.

"तिला विचारलंस कशाला?"

"ती नको म्हणाली."

"म्हणणारच. परक्या घरी पोटभर मागायला जीभ उचलत नाही, पोरा. तोंडाकडं बघू नको, पानाकडं बघ. पान चाटूनपुसून झालं असंल तर मुकाट वाढ. जास्त झालं तर ती हात आडवा करील."

पोरगा परत गेला आणि वाढलं. बाईनं हात आडवा केला नाही. तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा केला.

मग दर आवणीला तो वाढू लागला. कधी आनंदानं, कधी कुरकुरत, कारण पंगत उठेपर्यंत त्याच्याही पोटात कावळे ओरडत. एका वर्षी त्याच्या पाळीला टोप रिकामा झाला. वाट्याला नागलीची भाकरी आणि चटणी आली. त्यानं ताटली आपटली. आजी काही बोलली नाही. स्वतःची भाकरी मोडून अर्धी तिनं त्याच्या ताटलीत ठेवली.

पोरगा मोठा झाला. आयटीआय करून महामार्गालगतच्या एका कारखान्यात लागला. घराला विटांच्या भिंती आल्या, गॅस आला. आजी गेली. मजूर जेवणाऐवजी रोख मागू लागले, तेच सोयीचंही पडलं. पंगत थांबली. मोठे टोप माळ्यावर गेले.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. कारखाना बंद झाला. मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावर माणसांची रीघ लागली. मुंबई, ठाणे, भिवंडीहून निघालेली, कसारा घाट पायी चढून आलेली. कुणाला मध्य प्रदेश गाठायचा होता, कुणाला त्याहून पुढं उत्तर प्रदेश. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या खांद्यावर लेकरू. चपला तुटल्या होत्या, त्या सुतळीनं बांधलेल्या.

ते बघून तो घरी आला आणि माळ्यावरचे टोप उतरवले. बायकोनं विचारलं, "किती जणांचं टाकू?" त्याला सांगता येईना. त्यानं कणगी उघडली.

आजाराच्या भीतीनं लोक लांब लांब उभे होते. त्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली माणसं अंतरानं बसवली. एक तरुण बायको-पोरासह बाजूला बसला होता. त्यानं आपल्या पानातला घास घास पोराला भरवला आणि म्हणाला, "हमारा हो गया, भैया." घरधन्यानं त्याच्या पानाकडं बघितलं. भात वाढला, वर आमटी ओतली. तरुणाचा हात आडवा आला नाही.

घरात काय शिजायचं, हे माणसं कौतुकानं सांगतात. आपल्याला वाढायला कुणी शिकवलं, हे सांगायचं राहून जातं. मला वाटतं, माणूस घडतो तो तिथंच. ताटली आपटणाऱ्या पोरालाही त्या अर्ध्या भाकरीनं घडवलं होतं.

पुढं शेजारच्या घरांतून डाळ आली, घोटीच्या एका गिरणीतून कणीचं पोतं आलं. एसटीनं मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला सुरुवात केली, श्रमिक रेल्वे सुटू लागल्या, तशी रस्त्यावरची गर्दी ओसरली. तोवर कणगीचा तळ लागला होता. बियाण्याचं भात तेवढं बाजूला ठेवलेलं, ते जूनमध्ये भाजलेल्या राबावर पेरलं.

त्या पावसाळ्यात घरात नागलीच्याच भाकऱ्या जास्त झाल्या. आवणीला माणसं आली. पहिल्या दुपारी मजुरी हातावर ठेवताना बायको त्यांना म्हणाली, "भाकरीच आहे, पण जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."